मेलेल्या जंतूंचा ताप : तापीकाठच्या एका रुग्णाचे प्रकरण

रुग्ण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, जळगावचे रस्ते सकाळी अकरालाच ओस पडतात त्या दिवसांत, चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावाहून ३८ वर्षांचा एक शेतमजूर पत्नीला घेऊन तपासणीस आला. केळीच्या बागेत घड कापायचे, खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचे आणि गाडीत रचायचे, हे त्याचे काम. ते तीन आठवड्यांपासून बंद होते. रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप चढत होता, नडग्या ठणकत होत्या, डावा डोळा लाल झाला होता आणि दोन्ही हातांवर, मांड्यांवर व गालांवर बोराएवढ्या लालसर गाठी उठल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून वैद्यकीयदृष्ट्या बिनमहत्त्वाचे काही तपशील येथे बदलले आहेत.)

प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कुष्ठरोगाच्या उपचाराचे कार्ड त्याने टेबलावर ठेवले. दीड वर्षापूर्वी घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना त्याच्या कानांच्या पाळ्या जाड आणि भुवया विरळ दिसल्या, तेथून निदान झाले. प्रकार सांसर्गिक होता आणि कातडीच्या नमुन्यातील जंतूनिर्देशांक (जंतूंची दाटी सांगणारा ० ते ६ असा अंक) ५ होता. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांची १२ महिन्यांची १२ पाकिटे त्याने एकही न चुकवता घेतली होती. शेवटचे पाकीट संपून पाच महिने झाले होते.

“रोग त बरा व्हयना ना, डाक्टरसाहेब? कार्डवर सही शे. मंग हाई काय निंघनं?” असे त्याने अहिराणीत विचारले. रोग तर बरा झाला ना, मग हे काय निघाले? हे संपूर्ण प्रकरण त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते देण्यास मला जवळजवळ दीड वर्ष लागले.

माझ्याकडे येण्यापूर्वी एका ठिकाणी त्याला विषमज्वर समजून दहा दिवस प्रतिजैविके देण्यात आली होती. दुसऱ्या ठिकाणी कुष्ठरोग उलटला असे सांगून १२ पाकिटे पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळाला होता. दोघांनाही दोष देणे सोपे आहे. पण ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि कुष्ठरोगाचे कार्ड एवढेच समोर असताना या दोन्ही वाटा कोणालाही सुचतील अशाच आहेत.

तपासणी

तपासताना एक विसंगती ठळकपणे जाणवली. त्याच्या मनगटापुढील भागाला टाचणीची जाणीव नव्हती; डोळे मिटून बसल्यावर टाचणी कोठे टोचली हे त्याला सांगता येत नव्हते. त्याच हातावर, चार बोटे वर, एका गाठीला मी बोटाने हलकेच दाबले तेव्हा त्याने हात झटकन मागे घेतला. गाठी कढत होत्या, कातडीच्या खाली चरबीपर्यंत गेलेल्या होत्या, आणि जुन्या झालेल्या गाठींच्या जागी जांभळट डाग उरले होते. कोपराजवळची अल्नर नस दोरीसारखी जाड आणि दुखरी लागत होती.

हिवताप व डेंग्यूच्या चाचण्या नकारात्मक आल्या आणि रक्तात जंतू वाढले नाहीत. पांढऱ्या पेशी १६,००० च्या पुढे होत्या व त्यांत न्यूट्रोफिल या दाहाच्या जागी धावून जाणाऱ्या पेशींचा भरणा होता. सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन बरेच वाढलेले होते. कानाच्या पाळीचा नमुना पाहता जंतूनिर्देशांक ४ होता, मात्र सूक्ष्मदर्शकाखाली एकही जंतू अखंड, एकसारखा रंगलेला दिसत नव्हता. सगळे तुटके आणि कणीदार होते, म्हणजे मेलेले. गाठीच्या तुकड्यात कातडीच्या खालच्या थरात व चरबीत न्यूट्रोफिल शिरलेले होते.

निदान एरिथेमा नोडोसम लेप्रोसम असे झाले. याला कुष्ठरोगाची दुसऱ्या प्रकारची रिअॅक्शन म्हणतात. पुढे तिला केवळ ‘रिअॅक्शन’ म्हणू. जंतूंचा भार ज्यांच्यात सर्वांत मोठा, त्या लेप्रोमॅटस रुग्णांत ही प्रामुख्याने दिसते. कधी उपचारापूर्वी, बहुधा उपचार चालू असताना, आणि अनेकदा तो संपल्यावरही. पाकिटे पुन्हा सुरू करण्याचे कारण नव्हते, कारण मारायला जिवंत जंतूच उरलेले दिसत नव्हते.

पाठ्यपुस्तकातले उत्तर कोठे अपुरे पडते

मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरातून हळूहळू निघतात. जंतूनिर्देशांक वर्षाला जेमतेम एखाद्या अंकाने उतरतो, म्हणजे या रुग्णाच्या कातडीत आणि नसांत जंतूंच्या भिंतींचे तुकडे आणखी काही वर्षे राहणार होते. त्या तुकड्यांविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्याशी जुळून गुंते तयार होतात, न्यूट्रोफिल धावून येतात, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी टीएनएफ हे दाहकारक प्रथिन ओततात आणि ताप चढतो. विद्यार्थ्यांना आपण हे शिकवतो, आणि ते खरेही आहे.

परंतु अवशेष रोजच असतात, ताप मात्र रोज नसतो. रिअॅक्शन झटक्यांनी येते, काही दिवस किंवा आठवडे राहते, ओसरते आणि पुन्हा उसळते. चिथावणी सतत आणि परिणाम मात्र खंडित, असे असेल तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी एक चाप असला पाहिजे. पांझरा नदीवरच्या जुन्या फड बागायतीत पाणी सोडण्याइतकेच ते वेळेवर तोडणे हेही पाटकऱ्याचे, म्हणजे पाणी वाटणाऱ्याचे, काम असे. बंधारा भरलेला आहे, एवढ्यावरून कोणाच्या वाफ्यात किती पाणी शिरले हे सांगता येत नाही. टीएनएफचे जनुक चालू होणे म्हणजे पाणी सुटणे. ते तोडणारा हात कोणाचा, हा प्रश्न आपल्या वैद्यकीय शिक्षणात फारसा विचारला जात नाही.

निरोप फाडणारे प्रथिन

जनुकावरून थेट प्रथिन बनत नाही. केंद्रकातील डीएनएवरून संदेशवाहक आरएनएची एक प्रत, म्हणजेच निरोप, उतरवली जाते, ती पेशीरसात येते आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन घडवतात. ही प्रत जितका काळ टिकेल तितका काळ प्रथिन निघत राहते. रक्तातील ग्लोबिनसारख्या स्थिर कामाच्या प्रती दीर्घकाळ टिकतात. टीएनएफसारख्या स्फोटक कामाच्या प्रतींचे आयुष्य मिनिटांत मोजले जाते. ही अल्पायुषी मुदत त्या प्रतीवरच लिहिलेली असते. प्रथिनाची कृती जेथे संपते त्याच्या पुढच्या भागात, ज्याचे प्रथिनात रूपांतर होत नाही अशा शेपटाकडच्या पट्ट्यात, अॅडेनिन व युरॅसिल या अक्षरांची दाट रांग असते. १९८६ मध्ये या रांगा टीएनएफसह अनेक दाहकारक निरोपांत असल्याचे लक्षात आले आणि त्या जोडल्या की एरवी टिकाऊ असणारा निरोपही लवकर नष्ट होतो हे प्रयोगाने दाखवले गेले. १९९९ मध्ये उंदरांच्या टीएनएफ जनुकातून नेमकी हीच रांग काढून टाकण्यात आली. प्रथिनाच्या कृतीला हातही लावला नव्हता. त्या उंदरांना सांधेदाह आणि आतड्याचा दाह झाला.

ही रांग ओळखणारी जी प्रथिने आहेत, त्यांना आरएनए-बंधक प्रथिने म्हणतात. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे १,५०० प्रथिने मोजली गेली आहेत. आपल्या रुग्णाच्या दृष्टीने त्यांतले सर्वांत महत्त्वाचे ट्रिस्टेट्राप्रोलिन, म्हणजे टीटीपी. त्याच्या मध्यभागी जस्ताच्या अणूभोवती घडी पडलेली दोन ‘बोटे’ असतात आणि ती दोन्ही मिळून रांगेतील ‘युअयुयुयुअयु’ हा क्रम चिमटीत धरतात. टीटीपी स्वतः निरोप फाडत नाही. एका बाजूने निरोप धरायचा आणि दुसऱ्या बाजूने सीसीआर४-नॉट नावाच्या प्रथिनसमूहाला बोलावून आणायचे, एवढेच ते करते. तो समूह निरोपाच्या टोकाचे अॅडेनिनचे लांब शेपूट कुरतडत आणतो. शेपूट गेले की पुढची टोपी उडते आणि उरलेला धागा दोन्ही टोकांकडून खाल्ला जातो.

१९९६ मध्ये अमेरिकेतील पेरी ब्लॅकशिअर यांच्या प्रयोगशाळेने टीटीपी नसलेले उंदीर तयार केले. ही पिले जन्मतः ठीक दिसत, आणि मग वाळत जात. त्यांचे सांधे सुजत, कातडी जळजळीत होई, स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे तयार होत. टीएनएफविरोधी प्रतिपिंडे टोचली असता यांतले जवळजवळ सर्व टळत असे. एक निरोप फाडणारा हात नाहीसा झाला की शरीर कोणत्याही जंतूशिवाय पेटते, हे त्यातून दिसले. मी हा प्रयोग प्रथम वाचला तेव्हा उंदरांपेक्षा मला आमच्या वॉर्डातले रिअॅक्शनचे रुग्ण आठवले होते: वाळलेले, सांधे धरलेले, तापलेले, आणि जंतूंसाठी केलेली प्रत्येक तपासणी कोरी.

हात बांधलेला पाटकरी

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. कुष्ठरोगाच्या जंतूंचे भित्तिद्रव्य मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरील टीएलआर२ व टीएलआर१ या जोडग्राहीला चिकटते. तेथून आत दोन हुकूम एकाच वेळी जातात. पहिला हुकूम केंद्रकात पोहोचून टीएनएफचे जनुक चालू करतो. दुसरा पी३८ आणि त्याच्या हाताखालच्या एमके२ या विकरांमार्फत (एन्झाइमांमार्फत) टीटीपीपर्यंत जातो आणि त्याच्यावर फॉस्फेटचे गट चिकटवतो. उंदराच्या टीटीपीत ते ५२व्या आणि १७८व्या क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर बसतात. फॉस्फेट बसले की १४-३-३ नावाचे प्रथिन टीटीपीला कवटाळते, सीसीआर४-नॉटला बोलावण्याचे त्याचे काम थांबते, आणि त्याच रांगेवर एचयूआर हे निरोप टिकवणारे प्रथिन जागा घेते. म्हणजे चिथावणी मिळताच पेशी पाणी सोडते आणि पाटकऱ्याचे हातही बांधते.

यात आणखी एक बारकावा आहे व तो मला फार मोलाचा वाटतो. चिथावणीमुळे टीटीपीचे स्वतःचे जनुकही चालू होते, त्यामुळे दाह वाढत असतानाच टीटीपीचा साठाही वाढत जातो. फॉस्फेट बसलेले टीटीपी निकामी असते, पण ते लवकर नष्टही होत नाही. पेशी जणू बांधलेल्या अवस्थेत त्याची फौज जमवते. पी३८ थंडावले आणि पीपी२ए या विकराने फॉस्फेट काढले की ही सगळी फौज एकदम मोकळी होते आणि टीएनएफचे निरोप झपाट्याने संपतात. ताप ‘उतरतो’ असे आपण म्हणतो तेव्हा पेशीच्या पातळीवर घडणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे. २०१५ मध्ये उंदरांच्या टीटीपीतील ते दोन सेरीन बदलून फॉस्फेट बसणेच अशक्य केले गेले. त्या उंदरांत जीवाणूंच्या विषाने चिथावूनही टीएनएफ फारसे वाढले नाही.

टीटीपी एकटे नाही. रुग्णाच्या सीआरपीमागे यकृताला हुकूम देणारे आयएल-६ हे प्रथिन असते, आणि त्याच्या निरोपावर मुख्य पहारा रेग्नेज-१चा असतो. ओसाका येथील शिझुओ अकिरा यांच्या गटाने ते २००९ मध्ये दाखवले. रेग्नेज-१ कोणाला बोलावत नाही. निरोपातील केसपिनेसारखी वळलेली गाठ ओळखून ते स्वतःच धागा कापते. चिथावणी मिळताच पेशी त्याला काही मिनिटांत नष्ट करते आणि ओसरल्यावर पुन्हा भरून काढते. टी-पेशींत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या एका प्रकारच्या पेशींत, रेग्नेज-१ नष्ट करण्याचे काम माल्ट१ हे कातरविकर करते. प्रतिजन (परक्याची खूण) ओळखला गेला की ते रेग्नेज-१चे तुकडे पाडते. तशाच गाठींवर रोक्विन हेही प्रथिन बसते, आणि त्याच्यातील एकाच अक्षराच्या बदलाने उंदरांना ल्यूपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार होतो हे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात आढळले होते. या दोघांनी क्षेत्र वाटून घेतले आहे: रायबोसोमवर वाचले जात असलेले निरोप रेग्नेज-१ कापते, बाजूला साठवलेले निरोप रोक्विन निकालात काढते.

उपचार, पहिली फेरी

रुग्णाला दाखल करून प्रेडनिसोलोन ४० मिलीग्रॅम सुरू केले, डोळ्यासाठी स्वतंत्र थेंब दिले, जंतांचे औषध आधीच दिले. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पाचव्या दिवशी गाठी बसल्या आणि त्याने बायकोकडे वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी मागितली; वॉर्डात आम्ही हीच खरी सुधारणा धरतो.

स्टेरॉइडचे काम शिकवताना ‘ते दाहाची जनुके बंद करते’ एवढे सांगून आपण पुढे जातो. तो अर्धाच भाग आहे. स्टेरॉइड काही जनुके चालूही करते आणि त्यांत डीयूएसपी१ व स्वतः टीटीपी ही दोन येतात. डीयूएसपी१ हे विकर पी३८वरचे फॉस्फेट काढून त्याला निष्क्रिय करते. पी३८ बसले की एमके२ बसते, आणि टीटीपीचे हात सुटतात. म्हणजे स्टेरॉइड केवळ पाणी सोडणे कमी करत नाही, ते पाटकऱ्याला मोकळेही करते.

दर पंधरवड्याला ५ मिलीग्रॅम या गतीने मात्रा उतरवली. जुलैत, मात्रा १५ मिलीग्रॅमवर येताच, पहिल्याइतक्याच जोराने गाठी आणि ताप परतले. पुन्हा ४० मिलीग्रॅमवर गेलो आणि सोबत क्लोफाझिमिन रोज ३०० मिलीग्रॅम जोडले, कारण त्याचा दाहशामक परिणाम हळू असला तरी टिकाऊ असतो. ऑक्टोबरमध्ये, पुन्हा नेमक्या १५ मिलीग्रॅमवर, तिसरी उसळी आली. दरम्यान त्याचा चेहरा गोल झाला होता, उपाशीपोटीची साखर १६८ वर गेली होती आणि क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळी पडली होती. “आंग कायं पडी गयं, लोके इचारतस,” असे तो म्हणाला, आणि त्या तक्रारीत गाठींपेक्षा जास्त दुःख होते. कुष्ठरोग लपवून जगणाऱ्या माणसाला रंग बदलणारे औषध म्हणजे गावाला दिलेली दवंडी.

दोन्ही वेळा उसळी त्याच मात्रेवर आली, या गोष्टीने माझा विचार बदलला. जुलैच्या उसळीनंतर मी ‘मात्रा फार लवकर उतरवली’ एवढाच धडा घेतला होता. वास्तविक जंतूंचे अवशेष तसेच होते, म्हणून चिथावणी तशीच होती. स्टेरॉइड होते तोवर चाप बसलेला राहत होता आणि ते एका मर्यादेखाली गेले की सुटत होता. मी औषधाने आग विझवली असे समजत होतो, प्रत्यक्षात मी फक्त पाटाचे बारे (पाण्याची वाट) हाताने दाबून धरले होते. अवशेष संपेपर्यंत, म्हणजे वर्षे, स्टेरॉइडवर धरून ठेवले असते तर मधुमेह आणि ठिसूळ हाडे यांनी त्याला गाठले असते. येथे स्पष्ट नोंदवतो की या रुग्णाच्या पेशींतील टीटीपी किंवा टीएनएफच्या निरोपाचे आयुष्य आम्ही मोजलेले नाही. आमच्या प्रयोगशाळेत ती सोय नाही. वरील मांडणी ही प्रयोगांतून माहीत असलेल्या यंत्रणेवरून रुग्णाच्या वागणुकीचा लावलेला अर्थ आहे.

दुसरी फेरी : थॅलिडोमाइड

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे आणि गरोदरपणातील मळमळीचे औषध म्हणून थॅलिडोमाइड बाजारात आले आणि १९६१ च्या अखेरीस, हातापायांविना जन्मलेल्या हजारो मुलांच्या पार्श्वभूमीवर, मागे घेण्यात आले. त्यानंतर काही वर्षांतच जेरुसलेमच्या जेकब शेस्किन यांनी रिअॅक्शनच्या वेदनेने झोप न येणाऱ्या कुष्ठरुग्णांना ते झोपेसाठी दिले, आणि झोपेबरोबर गाठीही बसल्या. अमेरिकेत १९९८ मध्ये या औषधाला पुन्हा परवानगी मिळाली ती याच आजारासाठी.

ते नेमके काय करते, याचे पहिले ठोस उत्तर १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील गिला कॅप्लान यांच्या गटाने दिले. थॅलिडोमाइडने मोनोसाइट (मॅक्रोफेजच्या रक्तातील पूर्वरूप) पेशींतील टीएनएफ उतरते, हे १९९१ मध्ये दिसले. १९९३ मध्ये असे आढळले की टीएनएफच्या निरोपाचे अर्धायुष्य सुमारे ३० मिनिटांवरून सुमारे १७ मिनिटांवर येते. औषध निरोपाची मुदत जवळजवळ निम्म्यावर आणते. निरोप फाडण्यात टीटीपीचा हात आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. टीटीपीविना जन्मलेले उंदीर तीन वर्षांनी आले. त्यामुळे हे औषध टीटीपीमार्फतच काम करते असे मी म्हणणार नाही. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की स्टेरॉइड न वाढवता त्याच टप्प्यावर, निरोपाच्या आयुष्यावर, हात घालण्याची दुसरी वाट उपलब्ध होती.

रुग्ण पुरुष होता, म्हणून हा विचार तरी करता आला. तरीही औषध वीर्यात उतरते, त्यामुळे निरोधाचा वापर अनिवार्य असल्याचे नवराबायकोला एकत्र बसवून सांगितले. स्टेरॉइडबरोबर दिल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो म्हणून अॅस्पिरिनची लहान मात्रा जोडली. हे औषध नसांनाही इजा करते, आणि या रुग्णाच्या नसा आधीच इजा झालेल्या होत्या. पुढे बधिरपणा वाढला तर दोष रोगाचा की औषधाचा हे कळावे म्हणून पहिल्याच दिवशी हातापायांच्या संवेदनेचा नकाशा कागदावर काढून ठेवला. मग सकाळी १०० आणि रात्री २०० मिलीग्रॅम सुरू केले. चौथ्या दिवसापर्यंत गाठी बसल्या. पुढील तीन महिन्यांत प्रेडनिसोलोन शून्यावर आणले आणि १५ मिलीग्रॅमचा तो टप्पा या वेळी काही न घडता ओलांडला गेला.

पंधरा दिवसांनी गोळ्या मोजल्या तेव्हा दोन कमी भरल्या. मी पुन्हा मोजल्या. रुग्ण म्हणाला, एकही जास्त खाल्ली नाही. त्याची पत्नी बराच वेळ गप्प होती; मग म्हणाली की सासूबाईंना रात्र रात्र झोप नसते, आणि या गोळीने ह्यांना झोप लागते हे पाहून त्यांनीच डब्यातून दोन घेतल्या. सासूबाई पासष्टीच्या असल्याने प्रकरण तेथेच मिटले असते. पण तिने पुढे सहज सांगितले की धाकट्या जावेला तिसरा महिना आहे, तिलाही उलट्यांनी झोप येत नाही, आणि एक गोळी तिला द्यावी का असे घरात बोलणे झाले होते.

माझ्या कारकिर्दीत इतका वेळ गप्प बसल्याचे मला फारसे आठवत नाही. ‘घरातल्या कोणालाही देऊ नका’ असे मी पहिल्या दिवशी सांगितले होते, ते दोघांनी ऐकलेही होते. पण का देऊ नका ते मी केवळ नवराबायकोला सांगितले होते, आणि एका चुलीवर नऊ माणसे जेवणाऱ्या घरात ते सांगणे अपुरे होते. जावेने गोळी घेतलेली नव्हती याची खात्री त्याच दिवशी फोनवरून करून घेतली. पुढच्या आठवड्यात आशाताईंसह त्यांच्या ओट्यावर बसून सगळ्यांना, सासूबाईंना आणि धाकट्या जावेला समोर बसवून, सांगितले. तेव्हापासून गोळ्या सात दिवसांच्याच मिळतात, रिकामी पाने परत आल्याशिवाय पुढच्या दिल्या जात नाहीत, आणि घरात त्या पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद असतात. किल्ली रुग्णाच्या करदोट्याला.

ज्या गुणामुळे हे औषध घातक ठरते, त्याची रेणवीय उकल उशिरा झाली. २०१० मध्ये जपानी संशोधकांना आढळले की थॅलिडोमाइड पेशीतील सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते. सेरेब्लॉन मग एरवी न शिवलेली प्रथिने विल्हेवाटीसाठी निवडू लागते. वाढत्या गर्भाच्या अवयवांना लागणारे एसएएलएल४ हे प्रथिन त्यांत सापडते, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. टी-पेशींत आयकॅरॉस व आयलोस ही प्रथिने याच मार्गाने कमी होतात आणि टी-पेशींना चेतवणारे आयएल-२ वाढते. त्यामुळे थॅलिडोमाइडला ‘प्रतिकारशक्ती दाबणारे’ औषध म्हणणे चुकीचे आहे. मॅक्रोफेजमध्ये ते एक निरोप लवकर संपवते आणि टी-पेशीला उलट चेतवते.

याच कारणाने ‘टीटीपी मोकळे करणारे एखादे औषध निघाले की रिअॅक्शन संपली’ हा प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचा उत्साह मला थोडा आवरावा लागला. टीटीपी ज्या निरोपांना फाडते त्यांत आयएल-१० या दाहशामक प्रथिनाचा निरोपही आहे. पाटकऱ्याला मोकळे सोडले तर तो एकट्या दांडग्याच्या वाफ्याचे पाणी तोडत नाही. शिवाय ज्या टीएनएफमुळे रुग्ण तापाने फणफणतो, तेच क्षयाच्या सुप्त जंतूंना कोंडून ठेवते. आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात क्षयाचा रुग्ण नाही असा दिवस जात नाही. टीएनएफ सरसकट अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब २००६ मध्ये अशाच हट्टी रिअॅक्शनच्या एका रुग्णात यशस्वीपणे वापरल्याची नोंद आहे, तरी या रुग्णासाठी मी तो विचार केला नाही. किंमत हे एक कारण, आणि त्याच्या चुलत्याला तीन वर्षांपूर्वी झालेला क्षय हे दुसरे, व अधिक मोठे.

सद्यःस्थिती

थॅलिडोमाइड हळूहळू उतरवत आज रात्री ५० मिलीग्रॅम, एकाआड एक दिवस, येथवर आणले आहे. पहिल्या दिवशीच्या संवेदनेच्या नकाशाशी ताडून पाहता बधिरपणा वाढलेला नाही. साखर औषधाविना सर्वसामान्य आहे. क्लोफाझिमिन थांबवून पाच महिने झाले असून रंग उजळू लागला आहे. गेल्या महिन्यातील नमुन्यात जंतूनिर्देशांक ३ आला. अवशेष अजून पुष्कळ आहेत. धाकट्या जावेला मुलगी झाली, ती सुखरूप आहे.

उत्तर त्याला त्याच्या भाषेत सांगितले ते असे: जंतू मेले, ते खरे, पण त्यांचा कचरा अजून अंगात आहे. अंगातले पहारेकरी तो पाहून हाकारे देतात, आणि हाकारा थांबवणारा माणूस तुझ्या अंगात कधीकधी अडकून पडतो. त्याने विचारले, किती दिवस? मी म्हणालो, कचरा जाईपर्यंत. “मंग हाऊ जुना गयवा शे, आपोआप आटी,” म्हणजे जुनी गळती आहे, आपोआप आटेल, असे तो म्हणाला आणि उठला.

गेल्या मंगळवारी त्याने फोन केला. उजव्या मांडीवर दोन गाठी आल्या आहेत, दुखतात, ताप नाही, घड उचलतोय. गोळी वाढवू नये, गुरुवारी दाखवायला यावे आणि येताना रिकामी पाने आणावीत, असे सांगितले आहे.